पाल, पंप आणि पीसीबी : सांगलीचे चार दिवस

वर्तमानपत्रात हल्ली इलेक्ट्रॉनिक्सची बातमी आली की गावं ठरलेली असतात. धोलेरा, साणंद, जागीरोड. धोलेऱ्याच्या टाटांच्या प्रकल्पाला २०२४ च्या फेब्रुवारीत मंजुरी मिळाली, ९१,००० कोटींचा आकडा, २८ नॅनोमीटरची चिप. वाचून छाती फुगते, नाही असं नाही. पण मला दर वेळी सांगलीजवळचं कुपवाड आठवतं. कॉलेजात असताना तिथल्या एका शेडमध्ये आम्हाला 'इंडस्ट्रियल व्हिजिट'ला नेलं होतं. आठ बायका एका लांब टेबलाशी बसून रेझिस्टरचे पाय वाकवत होत्या आणि आम्ही मुली एकमेकींना कोपरखळ्या मारत कधी एकदा वडापाव मिळतो याची वाट बघत होतो.

मी आणि माझी होस्टेलची पार्टनर, दोघी सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या, १९९८ ला इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बाहेर पडलेल्या. मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये गेले, ती बँकेत. इतक्या वर्षांत दोघींपैकी एकीनेही सोल्डरिंग गन हातात धरलेली नाही. फेब्रुवारीच्या शेवटी चार दिवस मोकळे मिळाले तेव्हा ठरवलं, या वेळी कोकण नको, महाबळेश्वर नको. सांगलीला जायचं आणि जी माणसं खरोखर हे काम करतात त्यांच्याशी बोलायचं. घरी कोणालाच हे 'फिरायला जाणं' वाटलं नाही.

दिवस पहिला : रेल्वे, घाट आणि गाळ

पुण्याहून दुपारची कोयना एक्स्प्रेस. साताऱ्यानंतर उन्हाचा कडाका जाणवायला लागला आणि कराडच्या पुढे दोन्ही बाजूंना तोडणीला आलेला ऊस. खिडकीतून गुऱ्हाळाचा वास आला की काकवीची आठवण येतेच.

किर्लोस्करवाडीला गाडी जेमतेम टेकली. या गावाची गोष्ट आम्हाला पहिल्या वर्षाला कोणीतरी सांगितली होती, तेव्हा कानाआड केली. १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. त्याआधी बेळगावात लोखंडी नांगर बनवायला घेतला, तर तो खपायलाच दोन वर्षं गेली म्हणतात, कारण लोखंडाने जमिनीला विष बाधतं अशी शेतकऱ्यांची समजूत. पुढच्या तीन दिवसांत ही गोष्ट मला दोनदा वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळणार होती. इथल्या प्रत्येक लहान कारखानदाराला ती आपल्याच आजोबांची असल्यासारखी पाठ आहे.

विश्रामबागेत लॉजवर सामान टाकलं आणि सरांकडे गेलो. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आवाज तसाच, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "काय गं, दोघी मिळून एक तरी ट्रान्झिस्टर ओळखाल का?" हे स्वागत. आमचं कॉलेज १९४७ चं आणि बेल लॅबमध्ये पहिला ट्रान्झिस्टर चालला तोही १९४७ च्या डिसेंबरात, हा त्यांचा जुना लाडका विनोद: "जुळी भावंडं. एक अमेरिकेत वाढलं, एक विश्रामबागेत."

ते आम्हाला कृष्णेच्या घाटावर घेऊन गेले. आयर्विन पूल १९२९ चा. सांगलीकर पावसाळ्यात रोज ज्या पुलापाशी पाण्याची पातळी विचारतात तोच हा. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आता नदी खाली, शहाण्यासारखी वाहत होती. पुड्यातला भडंग खात सर बोलत होते. सांगलीचा भडंग खाताना बोलू नये, शेंगदाणा घशात जातो, पण सरांना कोण सांगणार.

"चिपचं आपल्याला नवीन काही नाही," ते म्हणाले. "मोहालीला सरकारी कारखान्यात १९८४ ला उत्पादन सुरू झालं होतं. १९८९ ला आग लागली आणि सगळं मागे पडलं. ते एक. दुसरं, १९८२ चं एशियाड. रंगीत टीव्ही आला तेव्हा गल्लोगल्ली जोडणी करणारी पोरं तयार झाली. ती पोरं सुटे भाग बनवण्यापर्यंत पोचणार होती. १९९७ मध्ये आपण माहिती तंत्रज्ञानाच्या मालाच्या करारात शिरलो, २००५ पर्यंत त्या यादीतल्या मालावरचं आयात शुल्क शून्यावर आलं. कॉम्प्युटर स्वस्त झाला, चांगलंच झालं. पण इथे कपॅसिटर बनवणाऱ्याने काय करायचं? त्याने दुकान टाकलं आणि बाहेरचा कपॅसिटर विकायला लागला." हे सांगताना त्यांच्या आवाजात चीड नव्हती. परीक्षेत चुकलेलं गणित फळ्यावर पुन्हा सोडवून दाखवावं तसं सांगत होते.

परतताना मारुती चौकाच्या बाजूला त्यांच्या ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्यांकडे नेलं. दहा बाय बाराचं दुकान, वर पोटमाळा, वय साठीचं. सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून आम्हीही. भिंतीवर खांद्याच्या बरंच वर एक पिवळट रेघ आहे, ती रंगवून न टाकता त्यांनी तशीच ठेवली आहे. २०१९ चं पाणी. माल पोटमाळ्यावर चढवला होता, पाणी तिथेही पोचलं.

"पाणी उतरल्यावर लोकांनी टीव्ही, इन्व्हर्टर, मिक्सर आणून दारात रचले. समद्यांना वाटतं पाण्यानं सर्किट जातं. पाण्यानं न्हाय जात. गाळानं जातं आणि घाईनं जातं." मामांनी एक बोर्ड उचलून दाखवला. "आधी नळाचं साधं पाणी मारायचं. गाळ ओला हाय तवर निघतो, वाळला की दगुड. मग दात घासायचा ब्रश. मग आयपीए, म्हंजी साफ करायचं स्पिरिट. मग दोन दिस ऊन. ज्यांनी घरी आधी प्लग लावून बघितला, त्यांचं गेलं. ज्यांनी तसंच आणलं, त्यातलं निम्म्याहून जास्त उठलं."

नळाखाली बोर्ड धुवायचा! आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात हे एकदाही आलं नव्हतं.

दिवस दुसरा : कुपवाड

सकाळी आठलाच ऊन. सांगलीत फेब्रुवारी अखेरीला पहाटे शाल लागते आणि अकराला टोपी, दोन्ही बरोबर ठेवा. एमआयडीसीत कोणाला भेटायचं असेल तर साप्ताहिक सुट्टी फोन करून विचारा, ती रविवारीच असेल असं धरून चालू नका. आणि गेटवर सांगायला माणसाचं नाव लागतं, 'बघायला आलोय' म्हटल्यावर कोणी आत घेत नाही.

आम्हाला नाव होतं. कारखान्याचा मालक आमच्या दोन वर्षं मागचा, कॉलेजात कधी बोललो नव्हतो, तरी "या ताई" म्हणून दारात आला. याचा माल म्हणजे शेतीपंपाचे मोबाईल स्टार्टर आणि टाकीच्या पाण्याचे कंट्रोलर. शहरातल्यांसाठी सांगायचं तर, शेतीला वीज पाळीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की मोटर चालू करायला माणसाने दोन वाजता नदीवर जायचं. साप, काटे, शिराळ्याकडे तर बिबट्या. या डब्यात एक सिम असतं. घरून फोन लावला की मोटर चालू. डबा आधी तिन्ही फेज आहेत का बघतो, एक गेला असेल तर मोटर जळू नये म्हणून चालू करत नाही. विहिरीतलं पाणी संपलं की मोटरीचा करंट उतरतो, ते ओळखून बंद करतो. आणि प्रत्येक वेळी बाईच्या आवाजात मराठीत सांगतो, "मोटर चालू झाली आहे." हा आवाज मालकाच्या बायकोचा. पाच तालुक्यांत तिचा आवाज रात्री दोनला ऐकू येतो आणि ती स्वतः तेव्हा झोपलेली असते.

आत एसएमटी लाइन बघितली, म्हणजे बोर्डावर बारीक सुटे भाग यंत्राने बसवायची रांग. आमच्या वेळच्या लांब टेबलाच्या जागी आता काचेचं मशीन. रिळातून मोहरीएवढे रेझिस्टर उचलून बोर्डावर टपाटप ठेवतं. त्याआधी बोर्डावर स्टीलच्या जाळीतून सोल्डर पेस्ट ओढतात, छापखान्यात शाई ओढावी तशी. ही पेस्ट फ्रिजमध्ये राहते, वापरायच्या आधी चारएक तास बाहेर काढून ठेवावी लागते. फ्रिजवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी: 'यात डबा ठेवू नये. ताकसुद्धा नाही.'

लाइनच्या शेवटी भिंगाखाली तपासणी करणाऱ्या ताईंशी खूप वेळ बोलले. बांगड्या काढून ठेवलेल्या, मंगळसूत्र आत खोचलेलं, मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा. बारावीनंतर इथे लागल्या, सोळा वर्षं झाली. त्यांनी मला भिंगातून एक बिघडलेला बोर्ड दाखवला. एक रेझिस्टर एका टोकावर ताठ उभा होता, दुसरं टोक हवेत.

"ह्याला आम्ही उभा पार्ट म्हणतो. भट्टीत एका बाजूची पेस्ट आधी वितळली, दुसऱ्या बाजूची मागं राहिली. आधी वितळलेली वढून घेती, मग हा उठून उभा."

"मग काय करता?"

"भट्टीची आच बघायची. पुरणाला कसं, एकदम मोठी आच केली की खाली लागतं. आधी मंद, मग जरा थांबायचं, मग एक कढ, लगेच उतरायचं." कढ म्हणजे साधारण २४५ अंश, शिशाशिवायची सोल्डर २१७ ला वितळते. हे आकडे त्यांना पाठ होते, पण समजावताना त्या पुरणावरच आल्या. माझ्या कंपनीत याच गोष्टीवर कोणी बोललं असतं तर चाळीस स्लाइड लागल्या असत्या.

मालकाच्या केबिनमध्ये फोटो, ट्रॉफ्या काही नाहीत. एक लाकडी फडताळ आहे. त्यात परत आलेले डबे, प्रत्येकाला सुतळीने बांधलेली चिठ्ठी. मी वाचत गेले: 'पाणी.' 'उंदीर.' 'वीज पडली.' 'पाल.' 'पाल.' 'मुंग्या.' 'पाल.' 'मालकाने स्वतः उघडला.' आणि सगळ्यात जास्त: 'सिमचा रिचार्ज नाही.'

"माझा आर अँड डी विभाग हा," तो म्हणाला. त्याच्या सांगण्यात गंमत नव्हती. मुंग्यांमुळे बोर्डावर लॅकरचा थर आला. उंदरामुळे वायर आत शिरते तिथे घट्ट ग्लँड आली. रिचार्जच्या तक्रारींमुळे डबाच आता रिचार्ज संपायच्या आत शेतकऱ्याला फोन करतो. "पुण्या-मुंबईतला डिझायनर हुशार असतो, पण त्याच्या दारात कोणी डबा आपटत नाही. माझ्या दारात आपटतात. एकजण तर माझ्या वडिलांना जाऊन भेटला, गावात."

मैत्रिणीने धोलेऱ्याचं काढलं. तो हसला. "व्हावं की. पण मला आज चिपनं अडत नाही. रिलेनं अडतं, कनेक्टरनं अडतं. चांगला रिले घ्यायचा तर एकदम पाच हजार नग घ्या म्हणतात. सुट्या भागांसाठी केंद्राने २०२५ च्या मार्चमध्ये २२,९१९ कोटींची योजना मंजूर केली, त्याकडे माझं जास्त लक्ष आहे." अडलं होतं ते २०२१ मध्ये. जगभर चिपची टंचाई, याच्या डब्यातला साधा कंट्रोलर कित्येक पट किमतीला. तेव्हा एका व्यापाऱ्याकडून घाईघाईने माल उचलला. बोर्ड भरून झाले, चालेनात. मग कोणीतरी सांगितलं, कापसाला ॲसिटोन लावून चिपवरून फिरव. फिरवला तर कापूस काळा. जुन्या चिपा खरडून, काळा रंग देऊन, वर नवीन नंबर छापलेला. तो काळा कापूस त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवला आहे. त्याला चिठ्ठी नाही.

आता नवी डोकेदुखी टू-जीची. जुने डबे टू-जी सिमवर चालतात, ते नेटवर्क आज ना उद्या जाणार, फोर-जीचं मॉड्यूल महाग. "शेतकरी म्हणतो, मला बोलायचंय कुठं, मोटरच चालू करायचीय, मग फोर-जी कशाला? आता ह्याला काय उत्तर देणार?"

दुपारी कँटीनमध्ये अख्खा मसूर आणि भाकरी. या भागात येऊन अख्खा मसूर खाल्ला नाही तर फेरी फुकट. हॉटेलात तूप जास्त घालतात, कँटीनचा बरा.

दिवस तिसरा : तासगावकडे

याच कारखान्याचा सर्व्हिस इंजिनिअर आम्हाला घेऊन गेला. वय चोवीस, डिप्लोमा, मामाची जीप. सांगलीहून तासगाव पंचवीस किलोमीटर. आधी गणपतीला, सात मजली गोपुर महाराष्ट्रात असं सहसा दिसत नाही. मग कवठेमहांकाळच्या रस्त्याला. दोन्हीकडे द्राक्षबागा आणि मधेमधे बेदाण्याची शेड. द्राक्षं द्रावणात बुडवून जाळ्यांवर पसरतात, पंधरवड्यात बेदाणा होतो, साधारण चार किलोचा एक किलो. शेडमध्ये शिरलं की गोड, आंबूस आणि किंचित तेलकट असा वास येतो, तो अंगावरच्या कपड्यांना रात्रीपर्यंत राहतो.

दादांच्या मळ्यात पोचलो तेव्हा लाईट होती. सर्व्हिसवाल्याने ऐटीत मला फोन दिला. "मॅडम, तुम्हीच लावा." लावला. घंटा गेली, उचलला, आणि मालकाच्या बायकोचा आवाज आला, "मोटर चालू होऊ शकत नाही." पुन्हा लावला. तेच.

पोरगं ओशाळलं. डबा उघडला. बोर्ड नवा कोरा, लॅकर चकचकीत, सगळे दिवे जागेवर. खाली काँटॅक्टर, म्हणजे ज्याच्या पट्ट्या चिकटल्या की मोटरीला वीज मिळते तो, त्याच्या दोन टोकांच्या मधोमध एक पाल, वाळून कडक झालेली. शेपटी एका फेजवर, डोकं दुसऱ्यावर. आम्ही तिघं वाकून बघत होतो. ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या आज्जी तिथूनच म्हणाल्या, "पाल हाय न्हवं? मी म्हनलं हुतं. उबंला जाती ती."

खरं कारण तेच. काँटॅक्टरची कॉइल गरम असते, थंडीत पाल उबेला येते आणि किडेही तिथेच जमतात. बोर्डाच्या बाजूची भोकं कारखान्याने बंद केली होती. पण काँटॅक्टर दादांचा जुना, त्याचा लोखंडी डबा वेगळा, त्याची खालची पट्टी गंजून गेलेली. पोराने फ्यूज काढले, चिमट्याने पाल उचलली, टोकं घासली, पट्टीच्या जागी टायरचा रबर कापून बसवला. मग खिशातून सुतळी आणि चिठ्ठी काढून पाल कागदात गुंडाळली. "सायेब फोटोवर इस्वास ठेवत न्हाईत." फडताळावर आणखी एक.

तिसऱ्यांदा फोन लावला तेव्हा विहिरीकडून हुंकार आला आणि आज्जींनी शेंगा फोडायचं थांबवून त्या दिशेला मान हलवली, नातू वेळेवर घरी आला की हलवतात तशी.

बागेत आणखी एक वस्तू बघितली ती मी विसरणार नाही. वेलींच्या मधे खांबावर लहान हवामान केंद्र, आणि पानांच्या उंचीवर एक पांढरी पट्टी. ती म्हणजे नकली पान. आत सर्किट छापलेला पीसीबीच, पानासारखाच तिरका बसवलेला, म्हणजे खऱ्या पानावर दव जितका वेळ टिकतं तितकाच वेळ त्याच्यावर टिकावं. ओलं किती तास राहिलं यावरून डाऊनी या बुरशीरोगाचा धोका कळतो आणि तेवढ्यापुरतंच औषध मारता येतं.

"पटलं का लगेच?" मी दादांना विचारलं.

"कुठलं! पैलं साल दोन्ही केलं. पानालाबी इचारायचं आणि पहाटं उठून हातानंबी बघायचं. दुसऱ्या साली हात बंद केला." मग त्यांनी किर्लोस्करांच्या नांगराची गोष्ट सांगितली. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा काल मालकाने सांगितली होती.

म्हैसाळ योजनेचं पाणी येण्याआधी हा भाग टँकरवर बागा जगवायचा, हे दादा बोलता बोलता सांगून गेले, कौतुक नाही की तक्रार नाही. जेवायला ज्वारीची भाकरी, खर्डा, दही आणि आज्जींनी केलेली खपली गव्हाची खीर. निघताना चार किलो बेदाणे हातात. पैसे घेतले नाहीत. सूचना: मळ्यावर जाताना पुण्याची मिठाई नेऊ नका, कोणी खात नाही. आम्ही नेली होती. आज्जींनी डबा उघडून बघितला आणि बंद करून कपाटावर ठेवला.

दिवस चौथा : मिरज

खरं तर मिरज कार्यक्रमात नव्हतीच. गाडी संध्याकाळची, सकाळ मोकळी, आणि मैत्रिणीला गाणं आवडतं. सांगली-मिरज दहा किलोमीटर, सिटी बस आणि वडाप, म्हणजे शेअर जीप, दोन्ही सतत चालू.

मिरजेत तंतुवाद्यं बनवण्याचं काम दीडशेच्या वर वर्षं चालू आहे. हत्यारं घडवणारे शिकलगार राजांच्या लढाया संपल्यावर सतारीकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानांच्या पुढे भोपळे टांगलेले, मंगळवेढा-पंढरपूरकडून येतात. आधी फोन करून जा, जवारी लावण्याचं, म्हणजे तारेखालची घोडी घासून आवाज जुळवण्याचं काम चालू असेल तर मधे बोलता येत नाही.

आम्ही गेलो तेव्हा चाचा जवारीच लावत होते. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. कानस इतकी हलकी की काही निघतंय असं वाटतच नव्हतं. तारेखाली सुती दोरा सरकवला आणि एका जागी आल्यावर आवाज एकदम उघडला, खोलीत दुसरं कोणी आल्यासारखा.

मी भीत भीत विचारलं, इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने धंदा गेला का? बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी तो १९७९ च्या सुमारास आणला, आता तर मोबाईलवर फुकट ॲप आहेत.

"गेला थोडा. आणि आला बी," चाचा म्हणाले. "तानपुऱ्याची पेटी ऐकून ऐकून पोरं गायला लागली, मग पुढं खरा घ्यायला आली." मग फळीवरून एक इलेक्ट्रॉनिक पेटी काढली. "गिऱ्हाईक हे बी आमच्याकडंच आणतेत. तानपुरा म्हणजे तानपुरा, त्यांच्या हिशेबानं. तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सवाल्या न्हवं? ऐका."

चालू केली. मला तर ठीक वाटली. चाचांनी पट्टीचं बटण फिरवलं, काळी एकवरून काळी पाच. "आता ऐका. मागं एक जादा सूर हाय. पांढरी पाचच्या जरा वर, काळी चारला न पोचणारा, खर्जात. पट्टी कुठलीबी लावा, ह्यो हलत न्हाई."

माझ्या अंगावर काटा आला. खालच्या सप्तकातली पांढरी पाच म्हणजे ९८ हर्ट्झ. काळी चार १०४ च्या आसपास. मधे, पांढरी पाचच्या जरा वर, १००. घरातली वीज ५० ची, रेक्टिफायरमधून आली की दुप्पट, १००. वीज गाळून घेणारा कपॅसिटर वाळला की नेमकी हीच घरघर येते. आमच्या लॅबमध्ये हे बघायला ऑसिलोस्कोप लागायचा, आणि तो दर सोमवारी बंद असायचा.

"कपॅसिटर गेलाय," मी म्हटलं. बोलण्यात नको इतका रुबाब आला असावा, कारण चाचांनी लगेच पेटी माझ्या हातात दिली. "मग करून आणा की."

आता आली पंचाईत. सांगलीला मामांकडे गेलो. पेटी उघडली, तर खरंच १००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर माथ्यावर फुगलेला. मी विजयी मुद्रेने मामांकडे बघितलं. त्यांनी गन माझ्याकडे सरकवली. "वळखलाय तुम्ही, बदला बी तुम्हीच."

पहिल्या झटक्यात बोट भाजलं. जुना काढताना बोर्डावरची तांब्याची पट्टी थोडी उचलली गेली. नवा बसवताना उलटा लावणार होते, मामांनी काही न बोलता हात धरला. सोल्डर घातली तर गोळा झाला, मळकट, वाटाण्यासारखा. चालू केलं. षड्ज, षड्ज, खर्ज, पंचम, आणि मागे काहीच नाही. मैत्रिणीने टाळ्या वाजवल्या.

मामांनी भिंगातून माझा वाटाणा बघितला. "धरलंय," म्हणाले. "पन चाचा मला वळखत्यात, हे माझं काम म्हणून न्हाई धाडणार." मग तीन सेकंदांत तो गोळा वितळवून ओढून घेतला आणि पुन्हा भरला. आता तो लहान, चमकदार, सगळ्या बाजूंनी खाली उतरलेला दिसत होता. कपॅसिटरचे आणि मजुरीचे मिळून साठ रुपये. त्यातले मजुरीचे अर्धे त्यांनी मला परत दिले, मी नको म्हणत असताना.

पेटी एका वडापवाल्याच्या हातात दिली. दुकानाचं नाव सांगायला गेले, तर तो म्हणाला, "चाचांची न्हवं? द्या की," आणि ती ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर ठेवून वर एक टॉवेल टाकला. गाडीला पाऊण तास उशीर होता. फलाटावर बसून आम्ही चार किलोंतले पाव किलो बेदाणे संपवले.